दहावीच्या मुलांना मैदानावरून परत बोलावू नका : मुंबईतील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
बृहन्मुंबईतील माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका

विषय : नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचा स्पर्धात्मक खेळ बंद न करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दादरच्या एका मैदानावर मी गेली २२ वर्षे शाळकरी मुलींना खो-खो शिकवते आहे. दिवसभर बँकेतली नोकरी आणि संध्याकाळी सहानंतर मैदान, असा माझा दिनक्रम आहे. या शिकवण्याचे मी मानधन घेत नाही. हे एवढ्याचसाठी सांगते, की पुढे मी जे मागणार आहे त्यात माझा कोणताही आर्थिक हितसंबंध नाही. दरवर्षी जून महिना उजाडला की माझ्या हजेरीच्या वहीतली काही नावे गळतात. गळणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुली नुकत्याच नववीतून दहावीत गेलेल्या असतात. कुणाची आई येऊन सांगते, कुणी मैत्रिणीकडे निरोप देते, कुणी काहीच न सांगता यायची थांबते. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते : बोर्डाचे वर्ष आहे, शाळेने सांगितले आहे.

आपण हे मुलांच्या भल्यासाठीच सांगता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. निकालाची टक्केवारी, पालकांचा रेटा, अकरावीच्या प्रवेशाची चिंता हे सारे आपल्याच टेबलावर येऊन पडते, हेही मला ठाऊक आहे. परंतु त्या एका वर्षात मुलांकडून नेमके काय काढून घेतले जाते, हे आपल्यापर्यंत कधी पोहोचत नसावे असे मला वाटते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

खेळाने शिस्त लागते, संघभावना वाढते ही वाक्ये वार्षिक क्रीडादिनाच्या भाषणांत इतक्या वेळा बोलली गेली आहेत, की ती पुन्हा ऐकून कुणाचे मत बदलेल अशी माझी अपेक्षा नाही. म्हणून मी ज्या खेळात लहानाची मोठी झाले, त्या खेळाच्या नियमांपासूनच सुरुवात करते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघातील आठ जणी दोन खांबांच्या मध्ये, एकआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात आणि नववी धावत असते. धावणारीने एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही आणि बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. समोरची मुलगी हुलकावणी देऊन पलीकडे निसटली, की कितीही वेग असला तरी तिचा काही उपयोग राहत नाही. अशा वेळी एकच गोष्ट करायची असते. जिचे तोंड योग्य दिशेला आहे अशा मैत्रिणीच्या पाठीवर थाप देऊन मोठ्याने "खो" म्हणायचे आणि तिच्या जागी स्वतः खाली बसायचे. हातातोंडाशी आलेला गडी दुसरीच्या हवाली करून आपण गुडघे मुडपून बसणे, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किती जड जाते ते मी रोज पाहते. सुरुवातीचे काही महिने प्रत्येक मुलगी खो उशिराच देते, कारण गडी आपल्याच हातून टिपला जावा असे तिला वाटत असते. ज्या दिवशी ती अर्धा क्षण आधी खो देऊ लागते, त्या दिवशी तिच्यात काही बदल झालेला असतो. तो फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

कबड्डीचे उदाहरण घ्या. लालबाग-परळच्या गिरणगावात हा खेळ घराघरांत रुजला, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी तो लहानपणी जवळून पाहिला असेल. बाद झालेल्या गड्याला आपण मेलेला गडी म्हणतो आणि तो स्वतःच्या बळावर कधीच उठत नाही. सोबत्याने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला तरच तो पुन्हा मैदानात येतो, तेही बाद होण्याच्या क्रमानेच. संघातला सर्वांत नावाजलेला चढाईपटूदेखील बाहेर बसून एखाद्या नवख्या कोपरारक्षकाच्या पकडीची वाट पाहतो. आपल्याला उठवणारा आपल्यापेक्षा लहान आणि कमी नावाचा असू शकतो, हे ज्याने पंधराव्या वर्षी अंगावर घेतले आहे, तो पुढे कार्यालयातल्या शिपायाशी आणि घरातल्या धाकट्या भावंडाशी कसा वागेल, याचा अंदाज मी खात्रीने बांधू शकते.

आता माझ्या एका विद्यार्थिनीविषयी सांगते. तिचे आणि तिच्या शाळेचे नाव मी घेणार नाही. ती नववीत असताना आमचा संघ जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत उपांत्य फेरीत पोहोचला होता. खो-खोत संरक्षणाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात. पहिल्या तुकडीत सर्वांत भरवशाची पळती मुलगी ठेवायची असा आमचा शिरस्ता होता, आणि ती मुलगी हीच होती. सरावात ती सहज तीन-तीन मिनिटे टिकायची. त्या दिवशी मात्र पहिल्या मिनिटाच्या आतच खांबाजवळ तिचा अंदाज चुकला आणि ती बाद झाली. पाळी सात मिनिटांची असो वा नऊ, बाद झालेल्या मुलीला बाहेर येऊन सर्वांसमोर बसावे लागते. वर्गात उत्तर चुकले तर पुढचा प्रश्न दुसऱ्या मुलाला विचारला जातो आणि सगळे विसरून जातात. परीक्षेत गुण कमी पडले तर ते पडद्यावर एकट्याने पाहता येतात आणि दार लावून रडता येते. मैदानावर तसे आडोसे नसतात. आपली चूक सगळ्यांनी पाहिलेली असते आणि तिची किंमत आपल्या मैत्रिणी आपल्या डोळ्यांसमोर मोजत असतात. ती गुडघ्यांत डोके घालून बसली होती. आमच्या कर्णधार मुलीने तिच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि एक शब्दही न बोलता ती तिच्या शेजारी बसली. मी तिला काही सांगायला निघाले होते, पण ते दृश्य पाहून जागच्या जागी थांबले.

पुढच्या पाळीत तिला पाठलागाला बसावे लागले, कारण खेळ कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. पहिला खो मिळाला तेव्हा तिचे पाय जड होते आणि दुसऱ्या वेळी तिने घाईने चूक केली. त्यानंतर मात्र ती खेळू लागली. आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. ती मुलगी नंतर फार मोठी खेळाडू झाली, असे मी सांगू शकणार नाही. पण तिसऱ्या दिवशी मी मैदानावर पोहोचले तेव्हा ती माझ्याआधी येऊन, ज्या खांबाजवळ ती बाद झाली होती तशाच खांबाजवळ एकटीच पुन्हा पुन्हा वळणे घेत होती. मी बोलावले नव्हते आणि घरच्यांनीही पाठवले नव्हते. चूक आपली आहे, ती सर्वांनी पाहिली आहे आणि तरीही उद्या पुन्हा तिथेच उभे राहायचे आहे, एवढे त्या मुलीला तीन दिवसांत कळले होते.

पुढच्या जूनमध्ये तिचे नाव माझ्या वहीतून गळले. मी तिच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले. ते अत्यंत सौजन्याने बोलले, त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "एकच वर्षाचा प्रश्न आहे, मॅडम. दहावी झाली की पुन्हा येईल." ती पुन्हा आली नाही. मुली बहुधा येत नाहीत. दहावीनंतर महाविद्यालय बदलते, क्लासच्या वेळा बदलतात, घरातल्या कामाचा वाटा वाढतो आणि मैदानाची एकदा तुटलेली सवय पुन्हा जोडून द्यायला घरातले कुणी पुढे येत नाही. मुलगा दोन वर्षांनी गल्लीतल्या संघात तरी परततो. मुलीचे मैदान सुटले की सुटलेच. आपण ज्याला एक वर्ष म्हणता, ते माझ्या अनुभवात मुलीसाठी जन्माचे अंतर ठरते.

काही शाळा म्हणतील की आम्ही खेळ बंद करत नाही, फक्त स्पर्धा बंद करतो, कवायतीचा तास ठेवतो, योगासने घेतो. व्यायाम हवाच, त्याविषयी वाद नाही. पण व्यायामात समोर प्रतिस्पर्धी नसतो, पंच नसतो आणि गुणफलक नसतो. पंचाचा निर्णय चुकीचा वाटत असूनही मान खाली घालून बाहेर पडणे आणि सामना संपल्यावर त्याच पंचाशी हस्तांदोलन करणे, हे स्पर्धेशिवाय कुठे शिकणार? आपल्याहून सरस असलेल्या मुलीचे सरसपण तिच्या डोळ्यांत डोळे घालून मान्य करणे आणि दुसऱ्या दिवसापासून तिला गाठण्यासाठी कामाला लागणे, ही गोष्ट सर्वांना सारखे पदक वाटून शिकवता येत नाही. जिंकलेल्या मुलींनाही शिकायचे असते. हरलेल्या संघाकडे चालत जाऊन हात पुढे करताना चेहऱ्यावर काय असावे आणि काय नसावे, यासाठी मी माझ्या मुलींना पराभवापेक्षा विजयानंतर अधिक वेळा टोकले आहे.

स्पर्धेत वाट पाहणेही शिकावे लागते, आणि त्याचे मुंबईतले सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शाळांच्या मैदानावरचेच आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यानंतर फलंदाजीला जाण्यासाठी पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने मुंबईसाठी रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, तरीही भारताच्या संघात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. हे उदाहरण देताना लोक शेवटच्या चषकापाशी थांबतात. मला ते चषकासाठी द्यायचे नाही. चषक आला नसता तरीही, पाळी न येता वर्षानुवर्षे पूर्ण तयारीनिशी उभे राहणारा माणूस मला तितकाच मोठा वाटला असता, कारण माझ्या संघातही दरवर्षी तीन राखीव मुली असतात आणि त्यांच्या वाट्याला कोणताही विश्वचषक येणार नसतो.

त्याच स्पर्धेत भारतीय संघ साखळीतले तीन सामने लागोपाठ हरला होता. वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जला मधल्या एका सामन्यात संघाबाहेर बसवले गेले, आणि त्यानंतर उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या. सामना संपल्यावर, या स्पर्धेत आपण चिंतेने ग्रासलो होतो आणि रडत होतो, हे तिने सर्वांसमोर सांगितले. आपल्या शाळांत परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांची व्याख्याने होतात, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण चिंता असतानाही पायावर उभे राहता येते, हे मुलांना व्याख्यानातून समजते त्याहून अधिक, आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष तशा अवस्थेत मैदानावर उभे राहून समजते.

खेळ आपोआप चांगलेच शिकवतो, असा माझा दावा नाही. मोठी माणसे मध्ये पडली की तोच खेळ नेमके उलटेही शिकवतो, आणि यात आम्ही प्रशिक्षक, आपण मुख्याध्यापक आणि पालक असे सगळेच दोषी आहोत. जन्मदाखल्यावरचे वर्ष बदलून मोठ्या मुलाला लहान गटात उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मुलाला आयुष्याचा कोणता धडा मिळाला असेल, याचा विचार मनात आला की मला रात्री झोप येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका आंतरशालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावा केल्या आणि त्याचे कौतुक देशभर झाले, ते व्हायलाही हवे होते. पण त्या सामन्यात समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाल्यानंतर या संघाचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला. त्या उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या मुलांचा विचार मी तेव्हाही केला होता आणि आजही करते. डाव केव्हा थांबवायचा हे ठरवणे मुलांचे काम नव्हते, मोठ्यांचे होते. पराभव शिकवतो तो झुंज देता आली तरच. जिथे झुंजच नाही तिथे मूल फक्त अपमान घेऊन घरी जाते.

पालकांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. खेळाडूंना दहावीला मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण या दोन्ही चांगल्या योजना आहेत, पण पहिल्याच भेटीत "यातून किती गुण मिळतील" असे विचारणारे पालक दरवर्षी वाढत आहेत. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आली, त्यांची सुरुवात याच प्रश्नापासून होते असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेनेच जर मुलाला सांगितले की गुण मिळणार असतील तर खेळ, नाहीतर अभ्यासाला बस, तर मैदानावर मी काहीही शिकवले तरी ते टिकणार नाही.

मुलींच्या बाबतीत पालकांची आणखी एक काळजी असते आणि ती अगदी रास्त आहे. मुंबईतल्या कितीतरी मैदानांवर मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही आणि कपडे बदलायला जागा नाही. आम्ही आमच्या काळात चादर धरून उभ्या राहायचो आणि आजही काही ठिकाणी मी माझ्या मुलींसाठी तशीच चादर धरते. सामन्यावरून परत येताना अंधार पडतो, लोकलला गर्दी असते आणि सोबत शिक्षिका असेलच असे नाही. यातले बरेचसे आपल्या अधिकारात येते. शाळेच्या संघासोबत एक शिक्षिका पाठवणे आणि मैदानाशेजारच्या शाळेने सामन्याच्या दिवशी आपले स्वच्छतागृह मुलींसाठी उघडे ठेवणे, यासाठी वेगळा निधी लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात माझ्याकडे नव्या मुलींची रीघ लागली होती. मैदानाच्या कडेला एक बंद दार आणि एक नळ असता, तर त्यांतल्या आणखी काही जणी टिकल्या असत्या.

महोदय, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दहावीच्या विद्यार्थ्याला खेळायचे असेल, तर शाळेने स्वतःहून त्याला थांबवू नये आणि तो निर्णय त्याच्यावर व त्याच्या घरच्यांवर सोडावा. जिल्हास्तरीय शालेय सामने बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागे संपतात आणि बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, हे पालकसभेत आपण स्वतः सांगावे, कारण आपल्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही. सामन्यामुळे बुडलेला चाचणीचा पेपर पुन्हा घेण्याची सोय असावी. आठवड्यातले खेळाचे दोन तास गणिताच्या किंवा विज्ञानाच्या जादा तासासाठी देऊ नयेत. आणि संघ हरून परत आला तर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेच्या वेळी त्या मुलांनाही, जिंकलेल्यांना बोलावता तसेच, पुढे बोलावावे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना ७ हजार रुपये दिले, असे आपल्याकडे सांगितले जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. शाळा-महाविद्यालयाच्या प्रमुखाचा खेळाशी काय संबंध, असे मला कुणी विचारले की मी प्रथम खर्डेकरांचे नाव सांगते. त्यांनी घर दिले. मी आपल्याकडे शाळेच्या वेळापत्रकातले दोन तास मागते आहे, आणि तेही मुलांचेच आहेत.

आमचा सराव सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत असतो. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या दिवशी अवश्य यावे. आल्यावर कृपया माझ्याशेजारी खुर्चीवर न बसता, नुकतीच बाद होऊन बाहेर आलेली मुलगी जिथे बसते तिथे, तिच्या बाजूला मातीत बसून पाळी संपेपर्यंत सामना पाहावा.

आपली विश्वासू,
दादरच्या मैदानावरील एक खो-खो प्रशिक्षिका